ढाण्या उर्फ प्रशांत

वडशेतच्या गोमाजीनं आपल्या कुत्र्याला नाकारलं ते लेखी नाकारलं, आणि तिथंच सगळं फसलं.

झालं असं, की गणपती उठल्यावर तालुक्याचा एक पट्टेवाला कसलीशी नोटीस लावायला गावात आला. महाड-पोलादपूर रस्त्यावर एस.टी.तून उतरला, नदीच्या काठाकाठानं चालत वरच्या आळीत शिरला आणि चावडीच्या भिंतीशी उकिडवा बसून त्यानं खळीचा डबा उघडला. गोमाजीच्या ढाण्याला खळ भारी आवडायची. पट्टेवाल्याला बिचाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं डबा वाचवला, पण पोटरी गेली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. कारकून खुर्चीवर, पट्टेवाला घोंगडीवर, आणि सगळी वरची आळी हाताची घडी घालून उभी.

"कुत्रा कुणाचा?" कारकुनानं विचारलं.

कुत्रा माझा म्हटलं की महाडच्या कोर्टात तारखा आल्या. गोमाजीनं आभाळाकडं बघितलं. "आता काय सांगायचं रावसाहेब. गावात कुत्री येतात नि जातात."

"हा तुमचा नाही?"

"नाय."

"द्या लिहून."

दिलं लिहून. 'सदर कुत्रा माझा नसून मी त्यास ओळखत नाही.' गोमाजी अंगठा उठवत होता, तेव्हा ढाण्या त्याच्या दोन पायांमधून डोकं काढून कागदाकडं बघत बसला होता.

गोमाजीनं लिहून दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही घाई झाली. ज्यांच्या कुत्र्यांनी जन्मात माशी धरली नव्हती, त्यांनीही अंगठे उठवले. न जाणो, उद्या चावला तर? पाटलानं तर आपल्या तीन कुत्र्यांना एका दमात नाकारलं. कारकुनानं शेवटी खाली लिहिलं, 'वडशेत गावी एकही पाळीव कुत्रा नाही,' आणि वरच्या आळीनं सुटकेचा श्वास टाकला.

महिन्याभरानं दुसरा कागद आला. तालुक्यात दोन कुत्री पिसाळली होती. तेव्हा ज्या कुत्र्यांची कुठं नोंद नाही, ज्यांना कुणी पाळणारं नाही, अशा सगळ्यांना दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी कुचल्याच्या विषारी गोळ्या खायला घालायचं ठरलं होतं. कारकुनानं वडशेतचा कागद काढला. एकही पाळीव कुत्रा नाही. म्हणजे गावातली झाडून सगळी गोळीची धनी.

त्यात ढाण्याही आला. भात कापणीला आलं होतं, आणि डोंगरातनं रानडुकरं रोज एक खाचर आडवं करून जात होती. डुकराच्या अंगावर जाणारा गावात एकटा ढाण्या. पण खरं सांगायचं तर डुकराचं निमित्त. तीन पोरगे मुंबईला गिरणीत गेले, ते शिमग्याला येणार आणि चुलीशी बसून 'इधर का पानी जमता नाय' म्हणणार. ढाण्या मात्र पोलादपूरच्या बाजारातनं गोमाजीच्या मुंडाशात बसून आला होता, आणि तेव्हापासून गोमाजी बोलायचा ते त्याच्याशीच.

"तुमीच लिवून दिलंत ना?" गोमाजीची बायको ठकूबाई म्हणाली. "आता जा नि सांगा, वळखतो म्हनून."

"खोटं लिवून दिलं म्हनून मला धरतील गो."

"मंग धरू द्या. तुमच्यापरीस त्यो डुकरं तरी हाकलतो."

आता गावात नोंदलेली कुत्री एकाच जागी होती. खालच्या वाडीत, विहारात.

खालची वाडी पाचसहा वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. तेव्हा तिथल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडून दिलं. त्यानंतर वरच्या आळीतल्या हैबतीची म्हैस मेली, ती आळीला जन्मात पहिल्यांदा स्वतः ओढावी लागली. अकरा माणसं लागली, दोर दोनदा तुटला, आणि पाटील म्हशीच्या खाली आला. तेव्हापासून वरची आळी खालच्या वाडीशी बोलली तर पाठ करून बोले.

वाडीनं कुडाच्या भिंती उभारून, वर कौलं घालून विहार बांधला होता. तो सांभाळायचा महिपती, पलटणीतनं पेन्शनीत आलेला हवालदार. वंदना झाली की तो दारात उभा राहून भाकरीचे तुकडे वाटायचा. त्यामुळं चुकार कुत्री तिथं राहायला आली होती. सात होती. महिपतीनं त्यांना रांगेत बसायला शिकवलं होतं. रांग मोडली तर तुकडा नाही, हा कायदा.

या सात कुत्र्यांच्या नशिबात दिवाळीच्या सुट्टीत समाजसेवा आली.

महाडच्या कुठल्याशा हायस्कुलातनं अकरावीच्या बारा मुलामुलींचं पथक आलं होतं ते खरं विहारापर्यंत रस्ता करायला. पण कुदळी-फावडी चुकून दुसऱ्या गावी गेली. ती आणायला निघालेले गुरुजी ताप भरून वाटेतनंच परत आले आणि विहाराच्या ओसरीवर घोंगडी घेऊन पडले. हत्यारं नाहीत, गुरुजी नाहीत, आणि सेवा तर अंगात मावेना. पथकाचा म्होरक्या दत्ताराम. महाडातला पोरगा, चष्मेवाला, बोलताना एक बोट वर ठेवणारा. त्यानं आजूबाजूला बघितलं. माणसं कामाला गेली होती. कुत्री होती.

पहिल्या दिवशी कुत्र्यांना कार्बोलिक साबणानं नदीत आंघोळ घातली. सात कुत्री आणि बारा सेवक यांत जास्त कोण भिजलं ते सांगता येणार नाही, पण चावे सेवकांनाच होते. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या तागडीत घालून वजनं केली. तिसऱ्या दिवशी पथकाजवळच्या एकुलत्या एक थर्मामीटरनं सगळ्यांचा ताप घेतला. तापमापक जिथं लावायचं तिथं लावलं. संध्याकाळी त्याच थर्मामीटरनं गुरुजींचाही ताप बघितला, हे गुरुजींना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि चौथ्या दिवशी दत्तारामनं रजिस्टर केलं. आता मुलांनी आयुष्यात एकच छापील नमुना बघितलेला, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. रकाने तेच पडले. संपूर्ण नाव. जन्मतारीख. मातृभाषा. धर्म. पूर्वीची शाळा. वागणूक. मातृभाषेवर अर्धा दिवस वाद झाला, मग मराठी ठरली. नावंही बदलली. 'वाघ्या', 'चित्त्या' ही हिंसक नावं विहारात बरी दिसत नाहीत, असं दत्तारामचं मत पडलं. म्हणून एकाचा झाला विनय, एकाचा संतोष, आणि एक कान तुटलेली भांडखोर कुत्री होती, तिची झाली सुशीला. पालक म्हणून सगळ्यांपुढं नाव लागलं महिपतीचं.

ही बातमी वर गेली आणि वरच्या आळीची झोप उडाली.

शनिवारी सकाळी उजाडताच गोमाजीनं ढाण्याला पोत्यात घातला आणि मागच्या पाणंदीनं तो खाली निघाला. विहाराच्या कुंपणावरनं आत टाकायचा नि पाठ वळवायची, असा बेत. बांधाशी समोरनं हैबतीचा चुलता सदू आला. त्याच्याही खांद्यावर पोतं.

"काय रे सदू, पोत्यात काय?"

"नाचनी. दळायला चाललो."

सदूचं पोतं केकाटलं.

"नाचनी कवापासनं केकाटाया लागली रे?"

"तुझं काय हाय?"

"माजी पन नाचनीच," गोमाजी म्हणाला, आणि त्याच्या पोत्यातनं ढाण्यानं सदूच्या नाचणीला उत्तर दिलं.

पुढं कुंपणाशी बघतात तो निम्मी वरची आळी पोती घेऊन उभी. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. पाटलाजवळ तीन पोती होती.

विहाराच्या दारात महिपती आला. अंगात पलटणीचा कोट, मिशा पिळलेल्या.

"जय भीम, मंडळी."

मंडळी खाकरली. याला कालपर्यंत 'महिप्या' म्हणून बांधावरनं हाक मारायची, आणि आज नड पडलेली. गोमाजीनं घसा साफ केला.

"जय... हां. महिपतराव, वाईच काम व्हतं."

"महिपतराव?" महिपतीनं मागं वळून बघितलं. "हितं मी एकलाच हाय ना?"

"हवालदार, थट्टा नको. कुत्रा हाय. लिवून घ्या तुमच्यात."

"घेतो की. पन कुंपनावरनं नाय घेनार. दारातनं आनायचा, चपला काडायच्या, आत येऊन बसायचं नि नाव लिवायचं. कुत्रा आत येनार तर मानूस बी आत येनार."

"कुत्र्याचं येगळं," पाटील मागनं म्हणाला.

"ते तर लहानपनापासनं बघतोय पाटील," महिपती म्हणाला. "तुमची कुत्री तळ्यावर पानी प्यायची, आमी बांधावर उभे."

एक पोतं भुंकलं.

शेवटी गोमाजी पुढं झाला. चपला काढल्या. पण सबंध आत जायला पाय रेटेना, म्हणून तो उंबऱ्यावरच बसला. एक मांडी विहारात, एक मांडी बाहेर. दत्ताराम रजिस्टर घेऊन समोर आला.

"काका, नाव?"

"ढाण्या."

"छे छे. प्रशांत लिहितो. जन्मतारीख?"

"डुकरांनी भाताचं वाटोळं केलं त्याच्या आदल्या साली."

"धर्म... बौद्ध." लेखणी कुरकुरली.

"आं?" गोमाजी दचकला. मग हळूच म्हणाला, "जात काय लिवनार?"

"तो रकाना आमी काडूनच टाकलाय," मागनं महिपती म्हणाला.

"आणि आणून देणाऱ्याचं नाव?"

गोमाजी घाबरला. पंचनाम्यातला अंगठा डोळ्यांपुढं आला. "माजं नाव नको रे पोरा. मी याला वळखत नाय."

दत्तारामनं बोट वर करून विचार केला आणि लिहिलं, 'अज्ञात गृहस्थ'. दुपारपर्यंत रजिस्टरात एकवीस अज्ञात गृहस्थ आले, त्यातला एक अज्ञात गृहस्थ तीनदा. वरच्या आळीत कुत्रा नसलेला माणूस एकटा हैबतीच. तो आंब्याखाली बसून सगळ्यांना हसत होता.

दोन दिवस पथकानं तीस कुत्री सांभाळली. पाठीवर गेरूनं नंबर घातले, ते कुत्र्यांनी एकमेकांचे चाटून काढले. तेव्हा सतराचा एकोणीस झाला आणि विनयचं औषध संतोषला गेलं. महिपतीनं सगळ्यांना रांगेत बसवलं. ढाण्या पहिल्या दिवशी रांगेत बसेना. दुसऱ्या दिवशी सुशीलेच्या शेजारी जागा मिळाली, मग हलेना. गोमाजी दिवसातनं चारदा कुंपणाशी येऊन 'गवत बघायला आलो' म्हणायचा.

सोमवारी तालुक्याचे साहेब आले. सोबत कारकून, गोळ्यांची पिशवी, आणि लंगडत लंगडत तो पट्टेवाला. वरची आळी कुंपणाच्या बाहेर गोळा झाली. गोमाजीनं बांधाच्या आड दडून फक्त मुंडासं वर ठेवलं.

साहेब माणूस पद्धतशीर. त्यांनी रजिस्टर वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"मातृभाषा मराठी?"

"होय साहेब," दत्ताराम ताठ उभा राहून म्हणाला. "मतं घेऊन ठरवली."

"हं. एकेकाला हजर करा."

विनय झाला, संतोष झाला. मग साहेबांनी हाक दिली, "प्रशांत!"

कुणी हललं नाही.

"प्रशांत!"

दत्तारामनं ढाण्याला मागनं ढकललं. पट्टेवाल्यानं त्याला बघितलं मात्र, तो चांगल्या पायावर उडाला. "साहेब! हाच तो! हाच चावला!"

साहेबांनी रजिस्टरात बोट ठेवलं. "याचं नाव प्रशांत आहे. वागणूक, चांगली. हा कसा चावेल?"

"साहेब, माझी पोटरी—"

"पोटरी रजिस्टरात नाही."

इथं सगळं निभावलं असतं. पण ढाण्याला कुंपणापलीकडं मुंडासं दिसलं. दोन दिवसांत जे शिकला ते सगळं विसरून तो कुंपण ओलांडून गेला आणि गोमाजीच्या अंगावर चढला. शेपटी अशी, की मागं उभ्या सदूच्या गुडघ्यांना मार बसला. नाक चाटलं, कान चाटला, मुंडासं तोंडात धरून नाचला.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

कारकुनानं जुना कागद उघडला. "गोमाजी. यांनी लिहून दिलंय, मी या कुत्र्यास ओळखत नाही."

"काय हो, ओळखता का याला?"

"नाय साहेब," गोमाजी म्हणाला. ढाण्याची जीभ त्याच्या तोंडातच होती, म्हणून ते नीट ऐकू आलं नाही.

"कुत्रा तर तुम्हाला ओळखतो. म्हणजे कुत्रा तुमचा. कुत्रा तुमचा, तर इथली नोंद खोटी. नोंद खोटी, तर कुत्रा बेनोंदी." साहेबांनी हात मागं केला. "काढा रे गोळी."

पट्टेवाल्यानं पिशवीत अशा उत्साहानं हात घातला, की तेवढ्यापुरती पोटरी बरी झाली. गोमाजी कात्रीत सापडला. कुत्रा माझाय म्हणावं तर खोट्या अंगठ्यापायी कोर्ट, आणि चावला त्याची शिक्षा ती गोळीच. नाही म्हणावं तरी गोळी. त्यानं ढाण्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"साहेब!" दत्तारामचं बोट वर गेलं. "काका आमच्या पथकाचे स्थानिक सेवक आहेत. रोज विहारातच असतात, इथंच जेवतात. म्हणून प्रशांत त्यांना ओळखतो."

खोटं बोलताना पोरगं पहिल्यांदा इतकं सरळ बोललं.

"इथं जेवतात? वरच्या आळीतले?" साहेब महाडचे जुने. त्यांनी एकदा गोमाजीकडं, एकदा महिपतीकडं बघितलं. "बरं. जेवायची वेळ झालीच आहे. जेवा. बघतो."

महिपतीनं आत हाक दिली. "प्रयाग, पाहुन्याचं ताट घे गो."

महिपतीची बायको प्रयागबाई ताट घेऊन आली. नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण, तांब्याभर पाणी. विहाराच्या अंगणात पोतं अंथरलं, पोत्यापुढं ताट. कुंपणापलीकडं सगळी वरची आळी श्वास धरून उभी. ठकूबाई पुढच्या रांगेत.

गोमाजी पोत्यावर बसला. तुकडा मोडला आणि चलाखीनं ढाण्यापुढं धरला.

"त्याचं झालं असेल," साहेब म्हणाले. "तुमचं."

गोमाजीनं दुसरा तुकडा मोडला. हात तोंडाशी गेला नि थांबला. बाप आठवला, बापाचा बाप आठवला, भावकी आठवली. मग पट्टेवाल्याच्या हातातली गोळी दिसली, काळी, सुपारीएवढी. ढाण्या ताटाशेजारी रांगेतल्यासारखा बसून वाट बघत होता.

तुकडा तोंडात गेला. दुसरा गेला. तिसरा त्यानं कालवणात बुडवला. सकाळपासनं पोटात काही नव्हतं, आणि प्रयागबाईनं कालवणात कोकम बरोब्बर घातलं होतं. चौथ्या तुकड्याला भान सुटलं, आणि गोमाजी मान वर न करता म्हणाला,

"वाईच कालवन वाड गो."

कुंपणापलीकडं कुणाचा तरी श्वास फुटला. महिपती मिशीला हात लावून कौलांकडं बघू लागला.

"ठीक," साहेब म्हणाले. "प्रशांतची नोंद कायम. पुढचा!"

पुढचा होता सदूचा. तो हाक मारायच्या आधीच कुंपण ओलांडून सदूच्या गळ्यात पडला. साहेबांनी चष्मा वर केला. "हेही इथंच जेवतात?"

"होय साहेब!" बारा सेवक एका आवाजात ओरडले.

"मग बसा."

त्यानंतर कुत्री मोकळी सुटली आणि ज्यानं त्यानं आपला अज्ञात गृहस्थ शोधून काढला. पळणाऱ्यांना कुत्र्यांनीच धोतराला धरून परत आणलं. वाडीतल्या घराघरातनं भाकऱ्या आल्या. महिपती रांग लावत होता, "सरका, सरका, जागा हाय, गुडघ्याला गुडघा लावा." शेवटी पाटील आला, तिन्ही कुत्र्यांनी तीन बाजूंनी ओढून आणलेला. साहेबांनी हिशोब केला, तीन कुत्री म्हणजे तीन भाकऱ्या. पाटलानं तिन्ही खाल्ल्या. पट्टेवाला उभा राहून दमला, तेव्हा प्रयागबाईनं त्यालाही वाढलं, आणि गोळ्यांची पिशवी गुरुजींच्या घोंगडीशेजारी तशीच राहिली. ती मात्र महिपतीनं लगेच उचलून साहेबांच्या हातात दिली.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला, 'कुत्री व सेवक समाधानकारक. अवचित पुन्हा तपासणी होईल.'

दुपारी वरच्या आळीची बैठक भरली, देवळापुढं. विषय एकच, बाटलेल्यांना वाळीत टाकायचं. पण टाकणार कोण? जो तो जेवून आलेला. उरला हैबती एकटा. पाटील म्हणाला, "हैबती, तूच टाक आमास्नी." हैबतीनं मन मोठं करून सगळ्यांना वाळीत टाकलं. पण कापणीला माणसं नाहीत, विहिरीवर बोलायला कुणी नाही, तंबाखूला चुना कुणी देईना. तेव्हा दिवस मावळायच्या आत तो 'एखादं पिल्लू हाय का रे कुनाकडं' म्हणून घरोघर विचारत फिरत होता.

गोमाजी बैठकीला थांबला नाही. तो ढाण्याला घेऊन घरी आला तर दारात ठकूबाई उभी, हातात गोमूत्राची वाटी आणि दर्भ.

"थांबा थितंच. शिंपडल्याबिगर आत यायचं नाय."

"शिंपड."

तिनं दर्भ बुडवला, आणि थांबली. "आदी कुनावर? तुमच्यावर का याच्यावर?"

गोमाजीनं ढाण्याकडं बघितलं. तो तर जन्मभर खालच्या वाडीत जेवून वरच्या चुलीशी झोपत आला होता.

"आनि उद्या परत जायचं हाय गो," तो म्हणाला. "सायेब अवचित येनार हाय. रोज तितंच जेवायला लागंल, नायतर नोंद जाईल. रोज रोज कुठनं आननार तू गोमूत्र?"

ठकूबाईनं वाटीकडं बघितलं. मग उंबऱ्यावर टेकली आणि वाटी बाजूला ठेवली. ढाण्या ओसरीवर जाऊन आडवा झाला.

"कालवन कशाचं व्हतं?" तिनं विचारलं.

"सुकटीचं."

"दोनदा मागून घेतलंत. समद्या गावानं बघितलं."

"सायबाला खरं वाटाया नको?"

"तिसऱ्यांदा मागितलंत, तवा सायेब पाटलाकडं बघत व्हता," ठकूबाई म्हणाली. "उद्या मी पन येते. त्या प्रयागेला विचारते, कोकम किती घालते ती."